आंब्याच्या सीझनमध्ये एका रेपोवर तीन कामं: फोल्डरं वेगळी ठेवायची कशी?

कातळसडा
नमस्कार मंडळी. रत्नागिरीपासून जरा आत, सड्यावरच्या गावातून घरूनच काम करतो. आम्ही तिघं मिळून आंबा बागायतदारांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर चालवतो. बागेतून किती पेट्या गेल्या, वाशीला कोणत्या डझनाला काय भाव लागला, दलालाच्या पट्टीतून अडत, हमाली, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय आलं, एवढंच त्याचं काम. पण मार्च ते मे ते एक दिवसही बंद पडून चालत नाही. कोड गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, एकाच रेपोत म्हणजे साठ्यात आहे.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. मी पुढच्या वर्षाच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) होतो, डेटाबेसची टेबलं बदलत होतो, तीसेक फाइली अर्धवट. रात्री साडेनऊला एका बागायतदारांचा फोन आला: सहा डझनी पेटीला पाच डझनीचा भाव लागतोय, सकाळी माणसांना हिशोब द्यायचा आहे. मी गिट स्टॅश केलं (अर्धवट बदल बाजूला ठेवले), चालू कोडच्या मेन ब्रँचवर गेलो, एका ओळीची दुरुस्ती केली, बिल्ड करून सर्व्हरवर चढवलं. आणि सगळ्यांचंच ॲप बंद पडलं.

नव्या मायग्रेशनची, म्हणजे टेबलं बदलणारी, फाइल मी अजून गिटमध्ये ॲड केलेली नव्हती. साधं स्टॅश अशा फाइलींना हात लावत नाही, त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ब्रँच बदलली तरी ती फाइल फोल्डरमध्ये तशीच राहिली, बिल्डबरोबर सर्व्हरवर गेली आणि तिथे आपोआप चालली. बॅकअपवरून सगळं जागेवर येईपर्यंत पहाटेचे तीन वाजले. त्या बागायतदारांनी सकाळी वहीवर हिशोब केला.

त्यानंतर मी प्रत्येक कामाला वेगळा क्लोन, म्हणजे अख्ख्या रेपोची प्रत, घ्यायला लागलो. आमच्या रेपोत लेबलांची चित्रं आणि जुन्या पीडीएफचे नमुने आहेत, तो दीड जीबीच्या वर गेलाय. पावसात इथलं नेट कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. क्लोन मध्येच तुटला की गिट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. रात्र-रात्र लावून दोन क्लोन झाले. आता तीन फोल्डरं झाली: पट्टी, पट्टी-२, पट्टी-नवीन. गेल्या आठवड्यात डिस्क भरली म्हणून पट्टी-२ उडवलं. मग लक्षात आलं, लेबल छपाईची दोन दिवसांची कमिटं (गिटमध्ये नोंदवलेले बदल) तिथेच होती आणि पुश केलेली, म्हणजे बाहेर पाठवलेली, नव्हती.

एकाच रेपोवर दोन-तीन कामं एकदम चालू ठेवायची तर तुम्ही काय करता? जून लागलाय, आता शिकायला वेळ आहे.

सुरंगी
कातळसडा, वाचून वाईट वाटलं. असा घोळ माझाही एकदा झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हाला हवं ते गिटमध्येच आहे: गिट वर्कट्री. जुलै २०१५ मध्ये २.५ आवृत्तीबरोबर ही सोय आली. एकच रेपो, पण कामाची फोल्डरं हवी तेवढी, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळी ब्रँच उघडी. कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत टाइप करा.

पट्टी फोल्डरमध्ये असताना:

गिट वर्कट्री ॲड -बी दुरुस्ती-सहा-डझन ../पट्टी-दुरुस्ती मेन

अर्थ असा की मेनवरून दुरुस्ती-सहा-डझन नावाची नवी ब्रँच काढ आणि ती शेजारच्या पट्टी-दुरुस्ती फोल्डरमध्ये उघड. नेटवरून काहीही उतरत नाही, कारण लागणारं सगळं तुमच्या डिस्कवर आधीच आहे. तुमची तीस अर्धवट फाइलींची ब्रँच पट्टी फोल्डरमध्ये जशीच्या तशी पडून राहते, स्टॅशचं नावही काढावं लागत नाही. आणि नव्या फोल्डरमध्ये फक्त मेनवर कमिट झालेल्या फाइली येतात. तुमची ती मायग्रेशनची फाइल तिथे असूच शकली नसती.

काम झालं, कमिट केलं, पुश केलं, मग:

गिट वर्कट्री रिमूव्ह ../पट्टी-दुरुस्ती

फोल्डर जातं. ब्रँच आणि कमिटं रेपोत राहतात. लेबल छपाईचं तुमचं जे नुकसान झालं ते वर्कट्री असती तर झालं नसतं. कुठे काय उघडं आहे ते गिट वर्कट्री लिस्टने दिसतं.

रातांबा
मला हे थोडं जास्तच वाटतंय. अर्धवट कामाचं सरळ कमिट करा, संदेशात 'अर्धवट' लिहा, ब्रँच बदला, दुरुस्ती करा, परत या, ते कमिट रिसेट करून पुढे चालू. गिट ॲड करताना सगळ्या फाइली घेतल्या तर मायग्रेशनही त्यात येते. एवढ्यासाठी वेगळी फोल्डरं कशाला?

आणि क्लोनच हवा असेल तर तो नेटवरून का घेताय? डिस्कवरच्या फोल्डरवरून क्लोन करा. एकाच डिस्कवर असेल तर गिट ऑब्जेक्ट फाइलींची नक्कल न करता हार्ड लिंक करतं, दीड जीबी दोनदा खर्च होत नाही, काही सेकंदांत काम होतं. फक्त नव्या क्लोनचं ओरिजिन (देवघेवीचा मूळ पत्ता) तुमचं जुनं फोल्डर होतं, तेवढं रिमोट सेट-यूआरएलने बदलून घ्यायचं.

कातळसडा
रातांबा, डिस्कवरून क्लोन होतो हे माहीत असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. धन्यवाद.

पण अर्धवट कमिटाचं एक सांगतो. ब्रँच बदलली की आमचं फ्रंटएंड सगळं पुन्हा बिल्ड होतं, एडिटर सगळं पुन्हा वाचतो, आणि पॅकेजांच्या आवृत्त्या दोन ब्रँचवर वेगळ्या असल्यामुळे ती पुन्हा उतरवावी लागतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते जड जातं. जाऊन परत यायला माझा पाऊण तास मोडतो.

सुरंगी
अगदी तेच. रातांबा, तुम्ही सांगता तो मार्ग चुकीचा नाही. दहा मिनिटांची दुरुस्ती आणि छोटा रेपो असेल तर मीही तेच करते. पण कातळसडांच्या बाबतीत दोन्ही कामं जिवंत असतात. सीझनमध्ये मेनवर रोज काही ना काही निघणार आणि पुढच्या वर्षाची ब्रँच मागे पडून चालणार नाही. अशा वेळी दोन फोल्डरं कायम उघडी असलेली बरी.

वर्कट्री आणि क्लोन यांतला फरक मी असा समजले: क्लोन म्हणजे वेगळं घर, वेगळी विहीर. वर्कट्री म्हणजे वाड्यात विहीर एकच, चुली वेगळ्या. पहिल्या फोल्डरमध्ये .गिट नावाचं खरं फोल्डर असतं, त्यात सगळा इतिहास. वर्कट्रीमध्ये .गिट हे फोल्डर नसून एका ओळीची साधी फाइल असते, आणि त्या ओळीत मुख्य रेपोच्या आतल्या वर्कट्रीज फोल्डरमधल्या आपल्या कोपऱ्याचा पत्ता असतो. त्या कोपऱ्यात या फोल्डरचं स्वतःचं हेड (आत्ता कुठे आहोत ती खूण) आणि स्वतःचा इंडेक्स (पुढच्या कमिटाची तयारी). बाकी कमिटं, ब्रँची, टॅग, रिमोट, कॉन्फिग, हुक सगळं सामाईक. म्हणून एका फोल्डरमध्ये फेच केलं (बाहेरचे बदल आणले) की सगळ्यांना मिळतं आणि एकात केलेलं कमिट दुसऱ्यात लगेच दिसतं. तीन क्लोनमध्ये तुमचं काम तीन विहिरींत वाटलं गेलं होतं.

एक लक्षात ठेवा, स्टॅशची यादीसुद्धा सामाईक असते. एका फोल्डरमध्ये केलेलं स्टॅश दुसऱ्यात चुकून पॉप (परत लागू) होऊ शकतं.

कातळसडा
आज करून पाहिलं. पहिल्या फटक्यात अडलो. पट्टीमध्ये मेन उघडी होती आणि नव्या फोल्डरमध्येही मेनच मागितली, तर ही ब्रँच दुसऱ्या वर्कट्रीत वापरात आहे म्हणून गिटने नकार दिला. --फोर्स देऊन होतं असं एका ठिकाणी वाचलं. देऊ का?

माड
कातळसडानू, घाबरू नकात, पण फोर्सही देऊ नकात. माका ह्यां आपल्या कोकण रेल्वेसारख्यां वाटतां. बहुतेक मार्ग एकेरी, म्हणून एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. समोरची गाडी क्रॉसिंगला स्टेशनात थांबते, तिला लाल सिग्नल मिळतो तो उगीच नसतो.

फोर्स दिल्यावर काय होतं ते एकदा मुद्दाम करून पाहिलं होतं. मेन दोन फोल्डरांत उघडी. पहिल्यात कमिट केलं. मेन ही ब्रँच म्हणजे शेवटच्या कमिटाकडे बोट दाखवणारी खूण, ती पुढे सरकली. दुसऱ्या फोल्डरचं हेड त्याच खुणेकडे बघतं, पण तिथल्या फाइली आणि इंडेक्स जुनेच. आता दुसऱ्या फोल्डरमध्ये स्टेटस बघाल तर पहिल्यात केलेला बदल उलटा करून स्टेज केलेला (कमिटासाठी तयार) दिसेल. ध्यान नसताना तिथे कमिट मारलंत तर आपणच केलेली दुरुस्ती आपणच पुसली. सहा डझनाचा भाव परत पाच डझनावर.

नुसतं मेन बघायचं असेल, बिल्ड करायचं असेल, तर --डिटॅच वापरा. हेड थेट त्या कमिटावर बसतं, ब्रँच अडवली जात नाही. कमिट करायचं असेल तर नवी ब्रँच काढा.

पडाव
माड यांनी छान समजावलं. डिटॅचबद्दल एक पुरवणी, कारण यात काम हरवू शकतं. डिटॅच वर्कट्रीत कमिट केलं आणि मग वर्कट्री काढून टाकली, तर त्या कमिटाला धरून ठेवणारी कोणतीच ब्रँच उरत नाही. एरवी आपण रेफ्लॉगमधून (हेड कुठे कुठे फिरलं त्या नोंदीतून) शोधतो, पण त्या वर्कट्रीच्या हेडचा रेफ्लॉग तिच्याच कोपऱ्यात असतो, तोही तिच्याबरोबर जातो. असं झालंच तर लगेच गिट एफएसके --लॉस्ट-फाउंड चालवा. अनाथ कमिटं तिथे सापडतात. गिटची झाडलोट कोणी धरून न ठेवलेल्या वस्तूंना साधारण दोन आठवडे हात लावत नाही, तेवढी मुदत असते.

मी सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या साधनाच्या काळापासून या धंद्यात आहे. तिथे हा प्रश्नच वेगळा होता. रेपो सर्व्हरवर, आणि आपण ट्रंक (मुख्य कोड) एका फोल्डरमध्ये, रिलीजची ब्रँच दुसऱ्या फोल्डरमध्ये चेकआउट करून बसायचो. कोणाला त्यात नवल वाटत नसे. कमिट थेट सर्व्हरवर जायचं म्हणून फोल्डर उडवलं तरी कमिट केलेलं सुरक्षित. २००५ मध्ये गिट आलं, सगळा इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर आला, आणि एक रेपो म्हणजे एक फोल्डर हीच सवय पडली. मर्क्युरिअल या अशाच साधनात यासाठी शेअर नावाचं एक्स्टेन्शन आहे. फॉसिलमध्ये तर अख्खा रेपो म्हणजे एक फाइल, ती हव्या तितक्या फोल्डरांत उघडता येते. गिटमध्ये वर्कट्री येण्याआधी आम्ही गिट-न्यू-वर्कडिर नावाची स्क्रिप्ट वापरायचो, सिमलिंकांवर चालणारी. तिच्यात एकच ब्रँच दोन फोल्डरांत उघडण्यापासून अडवणारं काही नव्हतं. माड यांनी सांगितलेला घोळ आम्ही तेव्हा खरोखर भोगलाय.

रातांबा
पडावकाका, ही माहिती नवीन होती, धन्यवाद. माझं मत थोडं बदलतंय. तरी एक शंका. कातळसडांचा खरा अपघात कुठे झाला? डेटाबेसमध्ये. वर्कट्री फाइली वेगळ्या ठेवते, डेटाबेस नाही. दोन्ही फोल्डरं आपल्या मशीनवरच्या एकाच डेटाबेसला जोडलेली असतील, तर पुढच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये मायग्रेशन चालवली की दुरुस्तीच्या फोल्डरमधला जुना कोड त्याच बदललेल्या टेबलांवर चालणार. मग तुम्ही तपासलंत ते काय तपासलंत?

सुरंगी
रातांबा, हे माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवं होतं. अगदी खरं.

प्रत्येक वर्कट्रीसाठी वेगळा डेटाबेस, वेगळा पोर्ट (ॲप ज्या क्रमांकावर उघडतं तो). आम्ही .एन्व्ह या सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसचं नाव फोल्डरच्या नावावरून ठेवतो: पट्टी_मेन, पट्टी_पुढील. पोर्ट ३००० आणि ३००१. शिवाय ब्राउझरच्या टॅबमध्ये कोणतं ॲप उघडं आहे ते कळावं म्हणून वरची पट्टी एका फोल्डरमध्ये हिरवी आणि दुसऱ्यात भगवी ठेवलीय. हे पोरकट वाटेल, पण रात्री अकरा वाजता डोळे थकलेले असतात तेव्हा त्याच रंगाने मला दोनदा वाचवलंय.

आणि हे .एन्व्ह प्रकरण नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक अडखळतात. नवीन वर्कट्री काढली की तिच्यात फक्त गिटमध्ये असलेल्या फाइली येतात. गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत) टाकलेलं काही येत नाही. म्हणजे .एन्व्ह नाही, नोड_मॉड्यूल्स (उतरवलेली पॅकेजं) नाही, स्थानिक सर्टिफिकेटं नाहीत. पहिल्यांदा ॲप चालू होत नाही ते त्यामुळे. हे सगळं हाताने किंवा छोट्या स्क्रिप्टने आणावं लागतं.

कुळीथ
उलट्या बाजूने माझा अनुभव सांगते, कारण मला तो महागात पडला. सावंतवाडीला असते, पर्यटकांच्या घरगुती निवासाचं बुकिंग करणारं ॲप सांभाळते.

वर्कट्री रिमूव्ह ही कमांड सावध आहे असं मी धरून चालले होते. फोल्डरमध्ये कमिट न केलेला बदल असेल किंवा गिटने न पाहिलेली नवी फाइल असेल, तर ती नकार देते आणि --फोर्स मागते. हे बरोबर आहे. पण इग्नोर केलेल्या फाइली ती धरतच नाही. माझ्या त्या वर्कट्रीत .एन्व्हमध्ये पेमेंट गेटवेच्या चाचणीच्या किल्ल्या होत्या आणि एका इग्नोर केलेल्या फोल्डरमध्ये ग्राहकांनी पाठवलेल्या दोनशे खोल्यांचे मूळ फोटो होते, छोटे करून घ्यायचे म्हणून ठेवलेले. गिटच्या दृष्टीने फोल्डर स्वच्छ होतं. रिमूव्ह म्हटलं आणि एक अक्षर न विचारता सगळं गेलं. किल्ल्या नव्या काढता आल्या. फोटो मात्र घरोघरी फोन करून परत मागावे लागले, आणि त्यात काही वयस्क मंडळी होती ज्यांनी मुंबईहून मुलगा आला तेव्हा त्याच्याकडून काढून घेतले होते.

तेव्हापासून वर्कट्री काढून टाकायच्या आधी गिट स्टेटस --इग्नोर्ड चालवते आणि यादी डोळ्यांखालून घालते. कृपया तुम्हीही घाला.

कातळसडा
कुळीथताई, हे वाचून आधी माझ्या फोल्डरात बघितलं. आमच्याकडे लेबल प्रिंटरची सेटिंग इग्नोर केलेल्या फाइलीत आहे. वाचलो.

आता पुढचं: ही फोल्डरं ठेवायची कुठे? मी एक वर्कट्री मुख्य फोल्डरच्या आत काढून बघितली, तर ती स्टेटसमध्ये अनोळखी फोल्डर म्हणून दिसायला लागली.

पडाव
शेजारी ठेवा, आत नको. आत ठेवली तर इग्नोर करावी लागते, एडिटरचा शोध दोन्हीकडचे निकाल मिसळून दाखवतो, आणि कोणी गिट क्लीन (अनोळखी फाइली पुसणारी कमांड) जोर लावून चालवलं तर वेगळीच चिंता.

माझी रचना: एक आईफोल्डर, त्याच्या आत मुख्य, दुरुस्ती, पुढील. मुख्य आणि पुढील कायमची, दुरुस्ती येते-जाते. प्रत्येक ब्रँचला एक फोल्डर असा हट्ट धरू नका, नाहीतर महिन्याभरात वीस फोल्डरं होतात आणि वीस नोड_मॉड्यूल्स. तुमची डिस्क आधीच भरलीय. इतिहास सामाईक असला तरी पॅकेजं आणि बिल्ड प्रत्येक फोल्डरची वेगळी जागा खातात. पीएनपीएमसारखं साधन वापरलंत तर पॅकेजं एका सामाईक कोठारातून लिंक होतात, जागा आणि नेट दोन्ही वाचतं. तुमच्या हॉटस्पॉटला ते मानवेल.

फोल्डर हलवायचं असेल तर माउसने ओढून हलवू नका. गिट वर्कट्री मूव्ह वापरा, २.१७ पासून आहे. माउसने हलवलंतच तर नव्या जागी जाऊन गिट वर्कट्री रिपेअर. फोल्डर हाताने डिलीट केलं असेल तर गिट वर्कट्री प्रून, तोपर्यंत ती ब्रँच कुठेतरी उघडी आहे असंच गिट समजत राहतं. पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर वर्कट्री असेल तर ती लॉक करून ठेवा, नाहीतर डिस्क काढलेली असताना प्रून झालं की तिची नोंद पुसली जाते.

रातांबा
डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी एक. वर्कट्रीचं फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलं आणि आत गिट चालवलं तर रेपोच सापडत नाही. कारण त्या .गिट फाइलीतला पत्ता तुमच्या मशीनवरचा पूर्ण पत्ता असतो आणि तो कंटेनरच्या आत अस्तित्वात नसतो. आईफोल्डरच माउंट करून पत्ता तोच ठेवणं हा जुना उपाय. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४८ पासून सापेक्ष पत्ते वापरायची सोय झालीय, पण ती चालू केली की जुनी गिट तो रेपो उघडत नाही. तिघांच्याही मशीनवर आवृत्ती बघूनच करा.

वाशिष्ठी
चिपळूणहून लिहितोय. धागा वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण सुरंगीताईंच्या विहिरीच्या दाखल्यावरून राहवलं नाही.

२२ जुलै २०२१ ला आमचं बाजारपेठेतलं तळमजल्याचं ऑफिस पाण्याखाली गेलं. पहाटे उठून बघतो तर रस्त्यावरून पाणी वाहत होतं, आणि आत जाऊन वस्तू काढायला वेळच मिळाला नाही. माझ्या मशीनवर तेव्हा चार वर्कट्री होत्या, चार कामं, प्रत्येक फोल्डर नीटनेटकं. मनात असं बसलं होतं की आपलं काम चार ठिकाणी आहे. ते चार ठिकाणी नव्हतं. फोल्डरं चार, .गिट एक, डिस्क एक. तीन ब्रँची पुश केलेल्या होत्या, त्या आल्या. चौथी, अकरा दिवसांचं काम, गेली. आठवड्याने चिखलातून मशीन काढलं, डिस्क एका दुकानात दिली, काही मिळालं नाही.

माणसांचं त्या दिवशी जे गेलं त्यापुढे हे काहीच नव्हे, हे मला कळतं. तरी सांगतो: विहीर एक असणं ही वर्कट्रीची सोयही आहे आणि धोकाही. कातळसडांच्या तीन क्लोनमध्ये निदान तीन प्रती तरी होत्या. वर्कट्रीकडे वळताय तर संध्याकाळी उठण्याआधी सगळ्या ब्रँची पुश करायची सवय त्याच दिवशी लावा. गिट पुश --ऑल कोणत्याही एका फोल्डरमधून चालवलंत तरी सगळ्या फोल्डरांतल्या ब्रँची जातात, कारण ब्रँची सामाईक आहेत. कमिट न केलेलं मात्र जात नाही.

माड
वाशिष्ठी, तुमी म्हणतास तां खरां. आमच्याकडे मालवणातही तौक्तेच्या वेळी, मे २०२१ ला, कितीतरी दिवस लाईट नव्हती. लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत पुश करून घेतलं तेवढंच वाचलं. नेट मिळेना तर गिट बंडल करून रेपो एका फाइलीत बांधायचा आणि पेनड्राइव्हवर टाकायचा, हाही उपाय आहे. एका फाइलीत हव्या त्या ब्रँची, आणि नंतर त्या फाइलीवरून क्लोन किंवा फेच करता येतं.

कातळसडा
माड, हे बंडल मला फार कामाचं आहे. आमच्या तिघांपैकी एकाचं घर अशा वाडीत आहे जिथे पावसात रेंजच नसते. आठवड्यातून एकदा तो एसटीने येतो तेव्हा पेनड्राइव्हवर देता-घेता येईल.

मंडळी, आठवडाभर वापरून पुन्हा लिहितो.

कातळसडा
दहा दिवस झाले. काय केलं ते सांगतो.

पट्टी-नवीन क्लोनमधली जी कमिटं पट्टीमध्ये नव्हती ती आधी फेच करून घेतली, रिमोटऐवजी थेट त्या फोल्डरचा पत्ता देऊन. मग तो क्लोन काढून टाकला. आता एक आईफोल्डर, आत मुख्य, पुढील, आणि गरज पडली तर दुरुस्ती. मुख्यला पोर्ट ३०००, पुढीलला ३००१, डेटाबेस वेगळे. सुरंगीताईंचं बघून मुख्यची वरची पट्टी हापूसच्या रंगाची केलीय आणि पुढीलची निळी. छोटी स्क्रिप्ट लिहिली: दुरुस्तीची वर्कट्री तयार करते, .एन्व्हची प्रत आणून त्यातलं डेटाबेसचं नाव आणि पोर्ट बदलते, प्रिंटरची सेटिंग आणते. वर्कट्री काढून टाकायची स्क्रिप्ट वेगळी आहे. ती आधी इग्नोर केलेल्या फाइलींची यादी दाखवते, ब्रँच पुश झालीय का ते बघते, आणि मी हो म्हटल्याशिवाय रिमूव्ह करत नाही.

सर्व्हरवर चढवायचं बिल्डही आता माझ्या रोजच्या फोल्डरमधून होत नाही. त्यासाठी दर वेळी मेनच्या कमिटावर डिटॅच वर्कट्री नव्याने निघते, बिल्ड होतं, वर्कट्री जाते. कमिट न केलेली फाइल सर्व्हरवर जाण्याची वाटच बंद झाली. एप्रिलमधल्या रात्रीवर माझ्या मते खरा उपाय हाच होता, आणि तो रातांबांनी अपघात नेमका कुठे झाला असं विचारल्यामुळे सुचला.

काल रात्री परीक्षा झाली. सीझन संपलाय, पण एका बागायतदारांना कॅनिंगला घातलेल्या मालाचा हिशोब किलोवर हवा होता आणि तो पेटीवर दिसत होता. मी पुढीलमध्ये बावीस फाइली उघड्या ठेवून बसलो होतो, बाहेर पाऊस धो धो. दुरुस्तीची वर्कट्री तयार केली, चूक शोधली, तपासली, पुश केली, चढवलं. चाळीस मिनिटं. पुढीलमध्ये परत आलो तेव्हा कर्सर होता त्याच ओळीवर होता.

वाशिष्ठी
पुढीलमधलं पुश केलंत का?

कातळसडा
केलं. बावीस फाइलींचं अर्धवट कमिट करून, लाईट जायच्या आत.